इंग्रजी वाक्संप्रदाय आणि आमचे संग्रहकार

इंग्रजी भाषा आमच्या मुलुखांत शिकविली जाऊं लागल्यास आतां दोनशें वर्षें होत आलीं. एवढ्या अवधींत त्या भाषेचीं व्याकरणें झालीं, कोश झाले, भाषांतर-पाठमाला झाल्या. आणि या सर्वांच्या मागोमाग एका निराळ्याच जातीचें पुस्तक आमच्या विद्यार्थ्यांच्या हातीं आलें, तें म्हणजे वाक्संप्रदायांचा संग्रह. डाव्या बाजूस इंग्रजी शब्दसमूह, उजव्या बाजूस त्याचा मराठी अर्थ, आणि खालीं उदाहरणादाखल एखादें वाक्य, असा त्याचा सर्वसाधारण साचा असतो. परीक्षेच्या हंगामांत तो घोकला जातो, मुलाखतीच्या आदल्या रात्रीं चाळला जातो. आणि हल्लीं तर छापील पुस्तकाचीहि गरज न राहून भ्रमणध्वनीच्या पडद्यावर रोज सकाळीं एक संप्रदाय शिकविणारे शिक्षक घरोघर पोंचले आहेत. साधन बदललें, साचा मात्र तोच राहिला. व्याकरणांवर टीका होते, कोशांचीं परीक्षणें निघतात. परंतु हे संग्रह पाटीपेन्सिलीप्रमाणें गृहीत धरले जातात. म्हणून त्यांचेंच थोडें परीक्षण करावें, असें आम्हीं योजिलें आहे.

वाक्संप्रदाय म्हणजे काय, हें सांगण्यास फारसें पांडित्य लागत नाहीं. ज्या शब्दसमूहाचा अर्थ त्यांतील शब्दांचे अर्थ एकत्र करून लागत नाहीं, तो वाक्संप्रदाय. ‘त्यानें गाशा गुंडाळला’ म्हटल्यावर कोणी खोगिरावरच्या कापडाचा विचार करीत नाहीं. ‘ते देव पाण्यांत घालून बसले आहेत’ म्हटल्यावर कोणी देवघराकडे धांवत नाहीं. व्याकरण शिकलेला मनुष्य भाषेच्या अंगणापर्यंत येतो. संप्रदाय कळला म्हणजे त्याला ओसरीवर बसतां येतें. मराठी शाळेंतून चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झालेला, इंग्रजी व्याकरणाचे नियम न चुकतां सांगणारा विद्यार्थी महाविद्यालयांत येतो, आणि शेजारच्या दोघां मुलांनीं आपसांत सहज उच्चारलेलें वाक्य त्याला उमगत नाहीं. प्रत्येक शब्द ओळखीचा, आणि वाक्य मात्र अनोळखी! त्या क्षणीं त्याच्या मनास जी लाज चाटून जाते, ती घेऊनच तो पुस्तकांच्या दुकानाची पायरी चढतो. अशा संग्रहाचा गिऱ्हाईक हौशी नसतो, गरजू असतो. आणि गरजूच्या हातीं खोटें नाणें देणें हा हौशी माणसास फसविण्याहून मोठा अपराध होय. आमच्या या परीक्षणाचें कारण एवढेंच.

या संग्रहांचा पहिला दोष निवडीचा आहे. कोणताहि संग्रह उघडावा, पहिल्या कांहीं पानांतच कुत्रीं आणि मांजरें आकाशांतून पडतांना दिसतात. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’, म्हणजे मुसळधार पाऊस पडणें, हा जणू इंग्रजी वाक्संप्रदायांचा श्रीगणेशाच होऊन बसला आहे. या प्रयोगाचे पूर्वज सतराव्या शतकापासून आढळतात. त्याची उत्पत्ति मात्र निश्चितपणें कोणासहि लावतां आलेली नाहीं, आणि तिच्याविषयीं ज्या सुरस कथा छापल्या जातात त्यांना आधार नाहीं. पण आमचा आक्षेप उत्पत्तीविषयीं नाहीं. इंग्लंडांत पाऊस बारमाही, आणि त्याविषयीं बोलणें हा तेथील लोकांचा नित्याचा परिपाठ. तरी हीं कुत्रींमांजरें त्यांच्या तोंडीं क्वचितच येतात. ‘पोअरिंग’ या एका साध्या शब्दावर त्यांचें काम भागतें. हा केवळ आमचा तर्क नव्हे. रोझामंड मून या विदुषीनें सुमारें १ कोटी ८० लक्ष शब्दांचा इंग्रजी लेखसंग्रह संगणकाच्या साह्यानें तपासून १९९८ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत असें दिसून आलें कीं, रूढ शब्दसमूहांपैकीं बहुसंख्य शब्दसमूह दहा लक्ष शब्दांमागें एकदांहि येत नाहींत. आणि विशेष चित्रमय म्हणून जे नांवाजलेले, त्यांची गणना बहुधा या दुर्मिळांतच होते.

मग संग्रहकार नेमके तेच कां निवडतात? उत्तर सोपें आहे. चित्रमय संप्रदाय यादींत शोभून दिसतो. तो वाचल्यावर विद्यार्थ्यास गंमत वाटते, शिक्षकास शिकविल्याचें समाधान वाटतें, आणि परीक्षकास प्रश्न काढणें सोपें जातें. पण यादींत शोभणें आणि बोलण्यांत शोभणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. समजा, एखाद्या परदेशीय गृहस्थानें मराठी म्हणींचें पुस्तक मुखोद्गत केलें, आणि आमच्या घरीं येऊन पहिल्याच भेटींत ‘हातच्या कांकणाला आरसा कशाला’, ‘उंटावरचा शहाणा’, ‘नाकापेक्षां मोतीं जड’ अशी सरबत्ती सुरू केली. त्याच्या उद्योगाचें आम्हांस कौतुक वाटेल, पण त्याच्याशीं मोकळेपणानें बोलतां येणार नाहीं. लग्नाच्या दिवशीं अंगावर घालावयाचे दागिने घालून जो भाजी आणण्यास निघतो, त्याच्याकडे लोक पाहतात. पण तें पाहणें कौतुकाचें असतेंच असें नाहीं.

दुसरा दोष याहून अधिक अनर्थकारक आहे. कोणता शब्दसमूह कोणीं, कोणापुढें, कोणत्या प्रसंगीं वापरावा, याविषयीं हे संग्रह मौन पाळतात. ‘किक द बकेट’ हा प्रयोग घ्या. शब्दशः पाहतां बादलीस लाथ मारणें. आणि संग्रहांत त्यापुढें अर्थ असतो ‘मरण पावणें’. अर्थ चुकीचा आहे असें म्हणतां येत नाहीं. पण तो खराहि नाहीं. हा प्रयोग फ्रान्सिस ग्रोस यानें १७८५ सालीं नोंदला, तो ग्राम्य भाषेच्या कोशांत. आणि आजहि त्यांतील थट्टेचा सूर गेलेला नाहीं. आतां आपली मराठी पाहा. मरणें, वारणें, निवर्तणें, कैलासवासी होणें, देवाज्ञा होणें, राम म्हणणें, आटोपणें, गचकणें, अशी केवढी तरी उतरंड आमच्याजवळ आहे! ‘आपले तीर्थरूप गचकल्याचें ऐकून वाईट वाटलें’ असें सांत्वनाचें पत्र मराठी घरांत वाढलेलें दहा वर्षांचें पोरहि लिहिणार नाहीं. मग ‘किक द बकेट’ यापुढें ‘गचकणें’ असा अर्थ लिहिण्यास संग्रहकारांस कोणती अडचण होती? तो एक शब्द लिहिला असता, तर विद्यार्थ्यास अर्थ कळला असता, पायरी कळली असती, आणि सावधगिरीची सूचनाहि न सांगतां मिळाली असती. इंग्रजीचा दर्जा दाखविणारें माप आमच्याच भाषेंत तयार असतां, तें न वापरतां सर्व कांहीं सभ्य, गुळगुळीत, पुस्तकी मराठींत उतरविणें, हें दोन्ही भाषांचें अज्ञान वाढविणारें कर्म आहे.

याचा परिणाम काय होतो, हें इतिहासानें एकदां दाखविलें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘बाबू इंग्लिश’ या नांवाखालीं आमच्या लोकांच्या इंग्रजीची टर उडविणें हा राज्यकर्त्यांचा एक करमणुकीचा विषय झाला होता. आर्नॉल्ड राइट यांनीं १८९१ सालीं अशा अर्जांचा व पत्रांचा संग्रहच काढला. आणि १८९७ सालीं एफ्. अन्स्टी या विनोदी लेखकानें जाबरजी नांवाचा एक बी. ए. बाबू निर्माण करून इंग्लंडच्या वाचकांस पोट धरून हंसविलें. त्या हंसण्यांत उदारपणा नव्हता, हें आम्ही स्पष्टपणें म्हणतों. ज्याची नोकरी, बढती, पोटापाण्याची सोय सर्व एका परक्या भाषेंतील अर्जावर अवलंबून, तो त्या अर्जावर ठेवणींतले सगळे शब्द चढवील, यांत नवल कसलें? आणि हंसणाऱ्यांचें स्वतःचें ज्ञान तरी कोठें निर्दोष होतें? मोहरमांत हसन-हुसेनांच्या नांवानें होणारा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानीं पडला, त्याचें त्यांनीं ‘हॉब्सन-जॉब्सन’ केलें. आणि यूल व बर्नेल यांनीं १८८६ सालीं प्रसिद्ध केलेल्या हिंदी-इंग्रजी शब्दांच्या प्रचंड कोशास तेंच नांव दिलें गेलें. शिपायाची चूक कोशाचें भूषण होते, आणि कारकुनाची चूक थट्टेचा विषय होते. भेद भाषेचा नसून सत्तेचा होता. हें सर्व मान्य करूनहि एक प्रश्न उरतोच. त्या कारकुनाच्या हातीं ज्यांनीं शब्द दिले, त्यांनीं त्यांचा दर्जाहि कां सांगितला नाहीं? हंसणाऱ्यांचा दोष हंसणाऱ्यांच्या पदरीं घालतांना शिकविणाऱ्यांचा दोष झांकून चालणार नाहीं.

असा प्रकार केवळ आमच्याच वांट्यास आला असेंहि नाहीं. १८५५ सालीं पेद्रू कारोलीनु यांच्या नांवानें पोर्तुगीज लोकांस इंग्रजी शिकविणारें एक संभाषणाचें पुस्तक निघालें. लेखकास इंग्रजी येत नव्हतें असेंच त्या पुस्तकावरून दिसतें. जवळ असलेल्या फ्रेंच साहित्यावरून कोशाच्या आधारानें त्यानें शब्दास शब्द जुळविले. फ्रेंच भाषेंत ताटकळत वाट पाहण्यास एक विनोदी संप्रदाय आहे; त्याचें त्यानें अक्षरशः रूपांतर केलें, तें एका लहानशा वानराला कडकडून चावण्यासारखें कांहीं तरी झालें! पुढें हें पुस्तक विनोदाचा ग्रंथ म्हणून इतकें गाजलें कीं, १८८३ सालच्या अमेरिकन आवृत्तीस खुद्द मार्क ट्वेन यांनीं प्रस्तावना लिहिली. शब्द जुळवून वाक्संप्रदाय होत नाहीं, याचा यापेक्षां ठळक पुरावा दुसरा नको.

तिसरा दोष असा कीं, ज्यांत इंग्रजी संप्रदायाचा खरा प्राण आहे, त्या लहान लहान क्रियापदांकडे या संग्रहांचें लक्षच जात नाहीं. ‘पुट’ म्हणजे ठेवणें, हें विद्यार्थी पहिल्या वर्षीं शिकतो. पुढें त्यास ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणें, ‘पुट आउट’ म्हणजे दिवा मालविणें, ‘पुट अप’ म्हणजे मुक्काम करणें, आणि त्यालाच ‘विथ’ जोडला कीं सोसणें, असे अवतार भेटतात. ‘पुट डाउन’ तर कधीं टिपून घेणें, कधीं बंड मोडणें, आणि कधीं आजारी जनावरास दयेनें मरण देणें. हे प्रयोग इंग्रज मनुष्य उठल्यापासून निजेपर्यंत वापरतो. यांत चित्र नाहीं, कथा नाहीं, गंमत नाहीं; म्हणून ते यादींत मागें पडतात. सी. के. ऑग्डेन यांनीं १९३० सालीं ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ रचली, तेव्हां क्रियापदें अवघीं अठरा ठेवलीं. वरवर पाहतां केवढी सोय! परंतु मोठें क्रियापद टाकून दिलें कीं त्याचें काम ‘पुट’, ‘गेट’, ‘टेक’, ‘गो’ यांना अव्ययांच्या मदतीनें करावें लागतें. म्हणजे शब्द कमी झाले, तसे संप्रदाय वाढले. शब्दांचें ओझें उतरलें, तें जोडण्याच्या ओझ्याच्या रूपानें परत पाठीवर बसलें.

मराठी विद्यार्थ्यास हें प्रकरण अवघड वाटण्याचें कारण नव्हतें. कारण त्याच्या भाषेंतहि असाच एक कारखाना अहोरात्र चालू आहे. ‘पत्र लिहिलें’ हें साधें वाक्य. ‘लिहून टाकलें’ म्हटलें कीं कटकट मिटली. ‘लिहून ठेवलें’ म्हटलें कीं पुढची सोय झाली. ‘लिहून पाहिलें’ यांत प्रयत्न आहे, ‘लिहून दिलें’ यांत दुसऱ्याचें काम आहे, ‘लिहून घेतलें’ यांत आपलें आहे. आणि ‘तो भलतेंच पत्र लिहून बसला’ म्हटलें कीं पश्चात्ताप आलाच. टाकणें, ठेवणें, पाहणें, बसणें यांचे मूळ अर्थ येथें कोठें शिल्लक आहेत? मराठी शिकणाऱ्या परदेशीय माणसास घाम फोडणारी ही रचना आमचें मूल बोबडें बोलतांना आत्मसात करतें. ‘आपल्या भाषेंत टाकणें आणि बसणें जें काम करतात, तें इंग्रजींत ऑफ आणि अप करतात’, एवढें वाक्य शिक्षकानें सांगितलें, तर भीति निम्मी कमी होईल. तें सांगण्याऐवजीं कुत्रींमांजरें मोजीत बसणें ही शक्तीची नासाडी आहे.

चौथा दोष नित्याच्या बोलण्याविषयींचा आहे, आणि आमच्या मतें सर्वांत अधिक मनुष्यांचें नुकसान यानेंच केलें आहे. मराठींत आदर हा सर्वनामांत आणि क्रियापदाच्या रूपांत राहतो. तूं, तुम्ही, आपण. दे, द्या, द्यावें. एवढ्या प्रत्ययांनीं आमचें काम होतें. ‘मला जरा पाणी द्या’ हें वाक्य मराठींत पूर्ण सभ्य आहे, कारण ‘द्या’ यांतच मान आहे. इंग्रजींत ‘यू’ एकच. राजास तोच आणि रंकास तोच. तेव्हां तेथें आदर रूपांत न राहतां वाक्याच्या घडणींत शिरला. ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’, ‘आय वंडर इफ’, अशीं आडवळणें घेऊन इंग्रज मनुष्य साधी गोष्ट मागतो. आमचा विद्यार्थी ‘पाणी द्या’ याचें जसेंच्या तसें भाषांतर करतो, आणि त्याच्या मनांतील ‘द्या’ ऐकणाऱ्याच्या कानीं ‘दे’ होऊन पडतें. तो मनानें नम्र, आणि बोलण्यांत उद्धट ठरतो! त्याला त्याचें कारणहि कळत नाहीं, कारण त्याच्या वाक्यांत व्याकरणाची एकहि चूक नसते. ‘वुड यू माइंड’ या प्रश्नास तर होकार दर्शविण्यासाठीं ‘नो’ म्हणावें लागतें. आमचा मनुष्य भाबडेपणानें ‘येस’ म्हणतो, आणि मदत करण्यास उत्सुक असतां नकार दिल्यासारखा दिसतो. ‘आय ॲम अफ्रेड’ यांत भीति नसते, दिलगिरी असते. इंग्लंडांत ‘क्वाइट गुड’ म्हणजे पुष्कळदां उत्तम नव्हे, तर बरें, चालण्यासारखें. जुन्या रीतीचें ‘हाउ डू यू डू’ हें आतां बरेंच मागें पडलें. पण तें प्रचारांत होतें तेव्हां तो प्रश्नच नव्हता, आणि त्याचें उत्तर तेच शब्द उलट उच्चारणें हें होतें.

असे अर्थाचे गुप्त करार आमच्याहि भाषेंत आहेत. घरांतून निघणारा मनुष्य ‘येतो’ म्हणतो, ‘जातो’ म्हणत नाहीं. बांगडी फुटली तरी ती ‘वाढविली’ असें म्हणावयाचें, नारळ फोडला तरी तो ‘वाढविला’. परक्या माणसास हें न सांगितल्यास तो ‘येतो’ म्हणणाऱ्याची दाराशीं वाट पाहत उभा राहील. तात्पर्य, नित्याचें बोलणें हें शब्दांचें नसतें, रिवाजाचें असतें. आणि रिवाज यादींत मावत नाहीं, तो प्रसंगासह सांगावा लागतो.

पांचवी गोष्ट दोषापेक्षां उणीव म्हणावी अशी आहे. संप्रदाय ज्या जीवनांतून उगवला, त्याची मुळें हे संग्रह दाखवीत नाहींत. इंग्रज हे बेटावरचे दर्यावर्दी लोक. ‘बाय अँड लार्ज’ म्हणजे साधारणपणें, हें घोकणाऱ्यास जर सांगितलें कीं वाऱ्याच्या तोंडीं व वाऱ्याच्या पाठीं, अशा दोन्ही रीतींनीं शीड हांकण्याचे ते शब्द आहेत, आणि ‘टेकन अबॅक’ म्हणजे समोरून आलेल्या वाऱ्यानें शिडें डोलकाठीवर उलट आदळणें, तर तो शब्द नुसता लक्षांत राहणार नाहीं, डोळ्यांसमोर उभा राहील. क्रिकेटच्या बाबतींत तर आम्हांस कोणाच्या शिकवणीची गरजहि पडली नाहीं. पावसानें भिजून वाळूं लागलेल्या खेळपट्टीवर चेंडू कसा उसळतो हें ज्यानें मैदानावर पाहिलें, त्याला ‘स्टिकी विकेट’ म्हणजे अडचणीची स्थिति, हें पाठ करावें लागत नाहीं. जेथें जीवन सामाईक झालें, तेथें संप्रदाय आपोआप घरांत आला. हा अनुभव संग्रहकारांनीं मनावर घेण्यासारखा आहे.

इतिहासांतून आलेल्या संप्रदायांची तुलना तर फारच उद्बोधक आहे. संग्रहांत ‘मीट वन्स वॉटर्लू’ यापुढें ‘पानिपत होणें’ असा अर्थ देतां येईल, आणि वरवर पाहतां जोडी उत्तम जमते. दोन्ही रणांगणें, दोन्ही ठिकाणीं सर्वनाश. पण १८ जून १८१५ रोजीं वॉटर्लूस इंग्रज जिंकले होते. हरलेला नेपोलियन त्यांचा शत्रु. म्हणून त्या शब्दांत दुसऱ्याच्या पाडावाकडे जेत्याच्या बाजूनें पाहणें आहे. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर पडले ते आमचे लोक. आमच्या भाषेनें स्वतःच्या पराभवाचा संप्रदाय केला, आणि घरचा बेत फसला तरी आम्ही ‘पानिपत झालें’ असें म्हणून त्या दुःखाची आठवण नकळत जागवितों. एका शब्दांत अभिमान आहे, दुसऱ्यांत जखम. हा भेद ज्यास कळला त्याला इंग्रजी संप्रदाय तर कळलाच, पण आपला मराठी संप्रदायहि पहिल्यानेंच कळला असें म्हणावें लागेल.

तीच गोष्ट समानार्थक म्हणून दिलेल्या जोड्यांची. इंग्रज मनुष्य तव्यावरून विस्तवांत पडतो. आम्ही आगींतून फुफाट्यांत पडतों. अर्थ एकच, असें संग्रह सांगतो. पण इंग्रजाचें संकट लहानाचें मोठें होतें. आमचें संकट विझल्यासारखें दिसतें आणि राखेखालून पोळतें. इंग्रजी म्हणींत वाढती आंच आहे, मराठींत फसवी राख आहे. ‘व्हाइट एलिफंट’ची कथा याहून मौजेची. सयामच्या राजांसंबंधीं सांगितली जाणारी कथा इंग्रजींत गेली, तेथें पांढरा हत्ती म्हणजे पोसवत नाहीं असें ओझें झाला, आणि त्या अर्थानें तो मराठींत उतरला. ज्या देशांत पांढरा ऐरावत इंद्राचें वाहन, आणि दारीं हत्ती झुलणें हें वैभवाचें लक्षण, त्या देशांत हत्ती इंग्रजी मार्गानें येऊन तोट्याचा कारखाना झाला!

येथें एक शंका येईल. आम्ही इंग्रजीवरून आलेल्या संप्रदायांच्या विरुद्ध आहों काय? मुळींच नाहीं. भाषा घेते आणि वाढते. ‘सिंहाचा वाटा’ इसापाच्या गोष्टींतून इंग्रजीच्या द्वारें आला आणि रुळला. ‘चहाच्या पेल्यांतील वादळ’ आमच्या पेल्यांत चहा आल्यावर शोभूंहि लागलें. ‘हिमनगाचें टोक’ मात्र ज्यानें हिमनग कधीं पाहिला नाहीं तो वापरतो, तेव्हां तें चित्र न राहतां नुसती मुद्रा होते. घेण्याची उत्तम रीत कोणती, हें पाहावयाचें असल्यास ‘रेड टेप’ची गति पाहावी. कोणीं त्याची ‘लाल फीत’ केली. पण आमच्याकडे कागद फितींत नव्हे, रुमालांत बांधले जात. पेशवे दप्तराचे रुमाल प्रसिद्धच आहेत. म्हणून ज्यानें ‘दप्तरदिरंगाई’ हा शब्द प्रचारांत आणला, त्यानें इंग्रजी शब्द न उचलतां इंग्रजी शब्दाचें काम उचललें. अनुकरण आणि आत्मसात्करण यांतील अंतर तें हेंच.

आतां संग्रहकारांविषयीं न्यायाचे दोन शब्द. या जातीचीं सर्वच पुस्तकें टाकाऊ आहेत असें नव्हे. मॅकमॉर्डी यांचें इंग्रजी वाक्संप्रदायांचें जुनें पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या हातीं राहिलें, आणि १९७८ सालीं जेनिफर सीडल यांनीं त्याची नव्यानें मांडणी केली, तेव्हां क्रियापदांच्या व अव्ययांच्या संयोगांस त्यांत योग्य मान मिळाला. त्याहून मोठें उदाहरण हॉर्न्बी यांचें. त्यांनीं व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनीं रचलेला संप्रदायांचा व वाक्यरचनेचा कोश १९४२ सालीं निघाला, तो लंडनास नव्हे, टोकियोस. जपानी विद्यार्थ्यांस इंग्रजी शिकवितांना जे अडथळे दिसले त्यांतून तो जन्मला, आणि १९४८ सालीं ऑक्सफर्डनें तो जगापुढें ठेवला. इंग्रजास स्वतःच्या भाषेंतील संप्रदाय दिसत नव्हता. परक्याच्या अडखळण्यानें तो त्यास दाखविला. आमच्या मराठीचेंहि असेंच झालें. मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ सालीं निघाला आणि १८५७ सालीं त्याची वाढविलेली आवृत्ति झाली. मराठी शब्दांच्या छटा आणि संप्रदाय यांचा एवढा सांठा परक्या माणसानें करून ठेवला, याचें कारण त्याला प्रत्येक शब्दापाशीं थांबावें लागलें. पुढें दाते-कर्वे यांनीं १९४२ व १९४७ सालीं दोन भागांत महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश सिद्ध केला, तेव्हां घरच्या लोकांनींहि आपलें घर मोजून पाहिलें. आमचे इंग्रजी संग्रहकार जर हे दोन खंड उशाशीं घेऊन बसले असते, तर त्यांच्या उजव्या बाजूचा रकाना इतका निर्जीव झाला नसता.

यावरून चांगल्या संग्रहाचें लक्षण सहज सांगतां येईल. त्यानें संख्या कमी करावी. हजार संप्रदायांचें आश्वासन देणारें पुस्तक बहुधा हजार वेळां एकच चूक करतें. जे संप्रदाय ऐकून समजावे पण स्वतः बोलूं नयेत, ते निराळे काढावे. जे रोज बोलावे लागतात, ते पुढें घ्यावे. अर्थ त्याच पायरीच्या मराठींत द्यावा; थट्टेस थट्टेचा शब्द, शिवीस शिवीचा, आदरास आदराचा. एकाकी वाक्याऐवजीं लहानसा संवाद द्यावा, म्हणजे कोण कोणाशीं बोलतो हें दिसेल. आणि जेथें मराठी व इंग्रजी यांची वाट फुटते, तेथें ती फुटते असें सांगावें. ओढून ताणून जोडी जुळवूं नये.

विद्यार्थ्यासहि आमचें एक सांगणें आहे. परक्या भाषेचा संप्रदाय येत नाहीं ही लाज नव्हे. तो कोणासहि जन्मतः येत नाहीं. ज्याला आपल्या आजीच्या बोलण्यांतील ‘वाढविणें’ आणि ‘येतो’ कां म्हणतात हें उमगतें, त्याच्याजवळ दुसऱ्याच्या भाषेची किल्ली आधींच आहे. मराठी विसरून इंग्रजी लवकर येतें ही समजूत जितकी प्रचलित, तितकीच खोटी; कारण संप्रदाय ओळखण्याची संवय मातृभाषेंतच लागते, आणि जी एका भाषेंत बोथट झाली ती दुसरींत तीक्ष्ण होत नाहीं. शंभर संप्रदाय घोकलेला विद्यार्थी बोलावयास उभा राहिला म्हणजे कोणता वापरूं या विचारांतच गडबडून जातो. ज्याला दहाच येतात, पण ते केव्हां बोलूं नयेत हेंहि ज्याला कळलें आहे, तो मात्र निर्भयपणें तोंड उघडतो. आणि भाषा शिकावयाची ती तोंड निर्भयपणें उघडतां यावें यासाठींच.